भिंगरी येणार आहे

९ नोव्हेंबर

भिंगरी,

माझं अक्षर दिसलं तर पाकीट न उघडता बाजूला ठेवशील, म्हणून वरचा पत्ता दुकानाशेजारच्या शिंप्याकडून लिहून घेतला आहे. फोन केला होता. माझा आवाज ऐकलास आणि ठेवलास. पत्र निदान फाडण्यासाठी तरी हातात धरावं लागतं.

बाबांना झटका आला. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. जीव वाचला. उजवा हात आणि उजवा पाय लुळे पडले, आणि बोलणं गेलं.

दुकानात झालं. एका बाईंच्या चष्म्याचा नंबर काढत होते. नंबर काढायची ती लोखंडी चौकट तुला आठवत असेल, लहानपणी ती नाकावर चढवून तू घरभर धडपडायचीस. भिंग घातलं, "हे बरं, की आधीचं?" विचारलं, भिंग बदललं, पुन्हा विचारायला तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. बाईंना वाटलं, विचार करताहेत. त्या मुकाट बसून राहिल्या. मग ते काउंटरवर कलले. बाई चौकट तशीच डोळ्यांवर ठेवून बाहेर धावल्या. त्यांना समोरचं काही नीट दिसत नव्हतं. शिंपी सांगतो, त्यांनी त्याच्या दारातल्या कोट घातलेल्या पुतळ्याचा हात धरला आणि "चला हो, लवकर चला" म्हणून ओढू लागल्या. हे ऐकून मी हसले. दवाखान्याच्या बाकावर बसून हसले.

डॉक्टर म्हणतात, बुद्धी शाबूत आहे. ऐकू येतं. कळतंही, पण किती ते कुणाला सांगता येत नाही. आत सगळं आहे आणि बाहेर यायला वाट नाही. एकच शब्द शिल्लक आहे.

तो तुझी हाक आहे.

पाणी हवं असलं की भिंगरी. लघवी लागली की भिंगरी. डोळ्यांवर ऊन आलं की भिंगरी. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, तुमचं नाव काय?" तेव्हाही भिंगरी. डॉक्टर हसले, सिस्टर हसली. बाबांनी स्वतःचा आवाज ऐकला, थांबले, पुन्हा जोर लावला आणि पुन्हा तेच बाहेर पडलं. मग रडले. त्यांना मी ताई गेली तेव्हासुद्धा रडताना पाहिलं नव्हतं.

सिस्टरने मला विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

"बायको."

"मग भिंगरी कोण?"

"मुलगी."

"इथे नसते का?"

"लांब असते."

"येणार आहे ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? की माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी आहे, आणि तिचा बाप माझ्याशी लग्न करून बसला म्हणून ती या घराची पायरी चढत नाही? वॉर्डात उभं राहून?

ते मला नावाने हाक मारत नाहीत. मेहुणी होते तेव्हा मारायचे, चिडवायचेही. लग्नानंतर ते नाव त्यांच्या तोंडून गेलं. दुकान बंद करायची वेळ झाली की खालून "अगं, ऐकलंस का" एवढं यायचं, शेवट वर चढवत, हळू, जिना चढावा तसं. मीही अजून गडबडीत त्यांना भावजी म्हणते. एकदा गिऱ्हाइकासमोर म्हटलं होतं.

तू ये. आलीस की निदान एक गोष्ट कळेल, की ते तुला हाक मारताहेत, की नुसता आवाज आहे. दिवसभर ते तुझं नाव घेतात आणि दिवसभर मी उठते.

मावशी

१३ नोव्हेंबर

भिंगरी,

उत्तर नाही. कुरियरवाल्याने पाकीट दिल्याचं कळवलं आहे, म्हणजे ते तुझ्या घरात आहे.

इथली हकीकत सांगते. वॉर्ड लांबट आहे, दोन्हीकडे खाटा. आपली खाट खिडकीशी. प्रत्येक खाटेच्या डोक्याशी भिंतीला एक पांढरी पाटी आहे. तिच्यावर पथ्य लिहितात, औषधाच्या वेळा लिहितात. थोरल्या सिस्टरचं अक्षर छान आहे. माझ्याशी बोलणं झाल्यावर तिने पाटीवर खाली निळ्या शाईने लिहिलं:

"आजोबांना मुलीची आठवण येते. भिंगरी म्हणाले की सांगावे, भिंगरी येणार आहे."

भल्या मनाने लिहिलं. आणि सगळे मनापासून पाळतात. सकाळची सिस्टर पाळते, दुपारची पाळते, लादी पुसणारीसुद्धा पाळते. बाबा "भिंगरी" म्हणतात, ती पोछा थांबवून म्हणते, "येणार हं आजोबा, भिंगरी येणार." समोरच्या खाटेवरचे मास्तर तर आता बाबांनी तोंड उघडायच्या आत सांगतात. वॉर्डात तू सगळ्यांच्या ओळखीची झाली आहेस. तुझं लग्न झालंय का, किती शिकलीस, केस लांब आहेत का, सगळं विचारून झालं. मी उत्तरं देते. काही मला माहीत नसतात, ती बनवते.

इथे 'मावशी' अशी हाक आली की दोघी उठतो, मी आणि भांडी उचलणारी. ती म्हणते, "तुम्ही बसा, हाक भांड्यासाठी आहे." हा आमचा रोजचा विनोद.

आणखी एक बाई येते. वाचा गेलेल्यांना शिकवणारी. तरुण आहे, चपटे बूट घालते, खुर्ची स्वतः ओढून घेते. सगळ्या दवाखान्यात ती एकटीच, आणि आठवड्यातले निम्मे दिवस दुसऱ्या दवाखान्यात असते. वॉर्डात तिला थांबा-बाई म्हणतात, कारण ती सारखी "थांबा" म्हणते. बाबांना नाही, आम्हाला.

पहिल्या दिवशी तिने बाबांना विचारलं, "पाणी हवंय?"

मी म्हटलं, "आत्ताच प्यायले."

"थांबा."

मी थांबले. बाबा बघत राहिले. वेळ जाईना. मी म्हटलं, "त्यांना तहान लागली की ते—"

"थांबा हो. त्यांना विचारलंय."

शेवटी बाबांनी मान हलवली. हो की नाही ते मला समजलं नाही. तिने प्रश्न उलटा करून विचारला, "नकोय पाणी?" तेव्हाही मान तशीच हलली. ती मला म्हणाली, "बघा. पहिल्या 'हो'वर विश्वास ठेवायचा नाही. त्यांना हो म्हणायचं असतं आणि नाही होतं, नाही म्हणायचं असतं आणि हो होतं. उलटं करून विचारायचं. जुळलं तर खरं."

मला एकदम दुकान आठवलं. तुलाही आठवेल. गिऱ्हाईक चष्मेवाल्याला खूष करायला हो हो म्हणतं, असं बाबा म्हणायचे. म्हणून भिंगं उलटसुलट घालून विचारायचे. कधी मुद्दाम तेच भिंग काढून तेच परत घालायचे आणि विचारायचे, "हे बरं, की आधीचं?" तू काउंटरवर पाय हलवत बसून ओरडायचीस, "तेच तर आहे!" आणि ते म्हणायचे, "आमच्या भिंगरीला फसवता येत नाही."

थांबा-बाई पाटीपाशी गेली. वाचलं. थोरल्या सिस्टरला म्हणाली, "हे पुसायला हवं."

"का? ते शांत होतात ऐकून."

"शांत होतात की गप्प होतात?"

सिस्टरला लागलं. म्हणाली, "रोज चाळीस पेशंट बघतो आम्ही. तुम्ही येता तासभर." पाटी राहिली.

जाताना ती मला म्हणाली, "तो शब्द अडकलेला आहे. त्याचा अर्थ शोधू नका. चाल ऐका. वर जाते का, खाली येते का, तुटते का. आणि डोळे कुठे आहेत ते बघा."

मी प्रयत्न करते. मला चाल ऐकू येत नाही. मला फक्त तू ऐकू येतेस.

आलीस तर पाटी खरी होईल. नुसती एक दुपार.

मावशी

१७ नोव्हेंबर

भिंगरी,

हे नीट लिहायचं आहे. समजून वाच.

परवा दुपारी बाबा ओरडू लागले. भिंगरी, भिंगरी, भिंगरी, श्वास न घेता. दुपारची सिस्टर आली, पाटीकडे बघून म्हणाली, "येणार आहे ना हो, असं काय करता?" मग समोरचे मास्तर म्हणाले. मग लादीवाली. ते डाव्या हाताने चादर ओढत होते, लाथाडत होते. डावा पाय, चांगला पाय. मी चादर पुन्हा घालायला गेले तर पाय गार लागला. सिस्टर म्हणाली, "एसी जवळ आहे, मोजा घाला." मी लोकरीचा मोजा घातला. त्यांनी हाताने ओढून काढला. मी पुन्हा घातला. पुन्हा काढला. मी म्हटलं, "लहान मुलासारखं करू नका." आणि पुन्हा घातला, वर दोन ब्लँकेटं.

पाय पांढरा दिसला होता. मी पाहिलं होतं. गारठला म्हणून पांढरा, असं वाटलं.

ते ओरडतच राहिले. मला ते नाव ऐकवेना. मी उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. खरं सांगायचं तर कानांवर हात ठेवून उभी राहिले. मनात म्हटलं, घ्या, घ्या तिचं नाव, ती येत नाही आणि मी इथे तुमचे मोजे चढवते आहे.

संध्याकाळी ते थकून गप्प झाले. सिस्टर म्हणाली, "बघा, शांत झाले." सकाळी डॉक्टरांनी ब्लँकेट काढलं. मोजा काढला. पाय संगमरवरासारखा झाला होता, निळ्या रेघांचा.

हृदयातून दुसरी गुठळी सुटली आणि मांडीत अडकली. मेंदूत अडकली तशीच. सर्जन म्हणाले, "लगेच कळलं असतं तर गुठळी काढून पाय वाचला असता. यांनी काही सांगितलं नाही का?"

मी म्हटलं, "सांगत होते."

आता पाय मेला आहे. गुडघ्याच्या वर कापावा लागेल, नाहीतर विष अंगभर जाईल. कापला तर उरेल तो पाय हलत नाही. म्हणजे एक पाय नाही, एक असून नाही, एक हात, आणि एक शब्द. मी सर्जनना म्हटलं, "त्यांना असं जगायला आवडणार नाही. मी ओळखते त्यांना." हे मी त्यांच्या खाटेच्या पायथ्याशी उभं राहून म्हटलं. ते माझ्याकडे बघत होते.

सर्जन म्हणाले, "पेशंट सांगू शकत नाही, म्हणजे घरच्यांनी ठरवायचं." मग पाटीकडे पाहिलं. "मुलगी येतेय ना? मग येऊ दे त्यांना. दोघी मिळून ठरवा. एक दिवस थांबतो, फार नाही."

ती येणार नाही असं म्हणता आलं असतं. तो एक दिवसही गेला. आज पायावरची निळी रेघ वर सरकली आहे.

भिंगरी, मला एकटीने ठरवायला लावू नकोस. कापा म्हटलं तर मी त्यांना अर्धं करून ठेवलं असं होईल, नको म्हटलं तर मारलं असं. तू ताईची मुलगी आहेस, तुला जो हक्क आहे तो मला कधीच मिळाला नाही, मी मागितलाही नाही. तो आज वापर. कापा म्हण, नको म्हण, मी तुझ्या नावाने सही करते. नाही तर येत नाही एवढं तरी कळव. त्याशिवाय ती पाटी माझ्याने पुसवत नाही.

मावशी

१८ नोव्हेंबर

भिंगरी,

कालचं पत्र तुझ्या हातात पडलं असेल किंवा नसेल. हे त्याच्यामागून पाठवते.

आज थांबा-बाई तिच्या दुसऱ्या दवाखान्यातून आली. पाय पाहिला. पाटी पाहिली. पाटीवर तळहात ठेवला आणि सगळं पुसून काढलं, पथ्यसुद्धा. थोरली सिस्टर तिथेच होती. ती रडत होती. "मी चांगल्यासाठी लिहिलं होतं," म्हणाली.

"मला माहीत आहे," थांबा-बाई म्हणाली. मग मला, "ऑपरेशनचं यांना विचारलं का?"

"विचारलं. भिंगरी म्हणाले."

"सांगितलं का आधी? पायाला काय झालंय ते?"

मी सर्जनकडे पाहिलं, सर्जनने सिस्टरकडे. भिंगरी, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही सगळे त्यांच्या पायथ्याशी उभं राहून बोललो होतो, एखाद्या कपाटाबद्दल बोलावं तसं.

तिने खुर्ची ओढली आणि डोळ्यांसमोर बसली. दोन कागदांवर दोन चित्रं काढली. एकात चाकाच्या खुर्चीत माणूस, एक पाय नाही. दुसऱ्यात माणूस आडवा, दोन्ही पाय आहेत, डोळे मिटलेले, उशाशी फुलं. मी म्हटलं, "फुलं कशाला?" ती म्हणाली, "स्पष्ट असायला हवं."

मग हळू, तोडून बोलली. "आजोबा. डावा पाय. खराब झालाय." पायावर हात ठेवला. "बरा होणार नाही. कापला, तर जगाल. नाही कापला, तर मराल."

मी तिचा दंड धरला. असं कुणी बोलतं का? तिने हात सोडवला नाही, पण वळलीही नाही. बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते. मग पायाकडे बघितलं, बराच वेळ. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्याशी कुणी खरं बोललं होतं.

तिने दोन्ही चित्रं समोर धरली. बाबांचा हात एकाकडे गेला, मग दुसऱ्याकडे. "भिंगरी," म्हणाले. पुन्हा विचारलं, पुन्हा हात फिरला. घामाघूम झाले.

सर्जन दारात उभे होते. म्हणाले, "बाई, मला मदतच करायची आहे. पण खाली टेबल तयार आहे आणि हे उत्तर नाही."

"थांबा," ती म्हणाली. मग तिने चित्रं खाली घेतली. "दमलेत. दोन एकदम दिसत नसतील नीट."

मी म्हटलं, "मी विचारू?"

मला माहीत नव्हतं मी असं म्हणणार आहे. मी तिच्या जागी बसले. गुडघा खाटेला टेकेल इतकी जवळ, दुकानात ते गिऱ्हाइकासमोर बसतात तशी. एकच चित्र धरलं, नाकासमोर, चौकट असते त्या उंचीवर. खुर्चीवालं.

"हे बरं," मी म्हटलं. काढलं. त्याच जागी दुसरं धरलं. "की हे?"

त्यांची मान जराशी तिरकी झाली. तुला ती मान ठाऊक आहे. गिऱ्हाइकाचं ऐकतानाची. इतक्या दिवसांत तो चेहरा मी पाहिला नव्हता. मला वाटलं, दुकानाचा दिवा लागला.

हात उचलला आणि फुलांचं चित्र बाजूला सारलं.

मी क्रम उलटा केला. आधी फुलं, मग खुर्ची. "हे बरं, की हे?" खुर्चीवर बोट टेकवलं.

"पुन्हा," थांबा-बाई पुटपुटली.

मग मी ते केलं जे ते करायचे. खुर्चीचं चित्र धरलं, खाली घेतलं, आणि तेच पुन्हा वर धरलं. "हे बरं, की आधीचं?"

त्यांनी चित्राकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. कपाळाला आठ्या घातल्या, अगदी त्यांच्या, वैतागलेल्या.

"भिंगरी!" म्हणाले.

तेच तर आहे! वॉर्डात सगळ्यांना कळलं. मास्तर त्यांच्या खाटेवर उठून बसले. सर्जन हसले, मग तोंडावर हात ठेवला. म्हणाले, "झालं. यांनी सांगितलं." कागदावर मी सही केली, आणि तिच्या वर बाबांचा डावा अंगठा घेतला. सर्जनने स्वतः शाई लावली.

आता ते आत आहेत. मी बाहेर बाकावर बसून हे लिहिते आहे. तुला एक सांगायचं आहे, इतर कुणाला सांगता येणार नाही. चित्र धरताना मी मनात दुसरं मागत होते. फुलांचं. त्यांच्यासाठी, असं मी म्हणाले असते. ते बोट खुर्चीवर टेकलं तेव्हा मला आनंद झाला नाही. पुढचं सगळं दिसलं. त्यांना उचलणं, पुसणं, फिरवणं, आणि दिवसभर तुझं नाव. वर्षानुवर्षं. मी ओळखते त्यांना, असं मी म्हटलं होतं. मी ओळखत नव्हते. त्यांना जगायचं आहे. एवढ्यावरसुद्धा.

दार अजून उघडलेलं नाही.

मावशी

२३ नोव्हेंबर

भिंगरी,

ते आहेत.

सुरुवातीचे दिवस ताप होता. जखम ओली आहे. भरेल का, ते कुणी सांगत नाही, आणि मीही विचारून त्यांना खोटं बोलायला लावत नाही. दुसरी गुठळी येऊ शकते. रक्त पातळ करायचं औषध चालू आहे, म्हणून जखम भरायला वेळ, आणि औषध थांबवलं तर गुठळी. असं आहे.

थोरली सिस्टर येते आणि खाटेच्या काठाला हात धरून उभी राहते. मग वाकून त्यांच्या डोळ्यांसमोर येते आणि विचारते, "दुखतंय?" थांबते. "नाही दुखत?" थांबते. इतकी थांबते की पलीकडची खाट ओरडते. रिकाम्या पाटीवर काय लिहायचं असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, थांबा-बाईला विचारा. आता तिथे त्याच छान अक्षरात एवढंच आहे: "आजोबांना कळते. विचारावे. थांबावे. मग उलटे विचारावे. पाय रोज पाहावा."

उरलेला पाय.

काल वॉर्डात फोन आला होता, असं सिस्टर म्हणाली. बाईचा आवाज. नाव सांगितलं नाही. "खिडकीजवळच्या आजोबांचं ऑपरेशन झालं का," विचारलं. सिस्टरने हो म्हटलं. "जेवले का?" विचारलं. सिस्टरने सांगितलं, दूध घेतलं, केळं कुस्करून दिलं ते थोडं घेतलं. मग बराच वेळ कुणी बोललं नाही आणि फोन ठेवला. सिस्टर मला म्हणाली, "मी थांबले होते हो. बोलतील असं वाटलं."

मी बाबांना सांगितलं नाही. कुणाचा फोन ते मला ठाऊक नाही. आणि तू येणार आहेस असं मी आता कुणाला सांगत नाही. यायचं असेल तर पाटीशिवाय ये. नाही आलीस तर मी तुला आणखी पत्रं लिहीन, पण त्यांच्यात ये असं नसेल. एवढंच लक्षात ठेव की आलीस तर ते तुला भिंगरी म्हणतील, आणि मग पाण्याच्या भांड्यालाही भिंगरी म्हणतील. तेव्हा तोंड फिरवू नकोस. चाल ऐक.

मला थोडी थोडी ऐकू येते आता. पाण्याची तुटक असते. दुखण्याची वरून सुरू होते आणि खाली येत नाही. पायाच्या त्या दिवशी होती ती तीच होती. नको असलं की पहिलं अक्षर जड. मास्तरांना उद्देशून एक आहे, ती शिवी असावी.

शुद्धीवर आले तेव्हाचं सांगायचं राहिलं. दुपार होती. मी उशाशी होते. त्यांनी डोळे उघडले, छत पाहिलं. डाव्या हाताने चादर चाचपली, खाली खाली, आणि जिथे पाय संपला तिथे हात थांबला. तिथेच राहिला. मी विचारलं नाही. थांबले.

मग त्यांनी मान वळवली. डोळे माझ्यावर होते, माझ्यामागे कुणी नव्हतं, मी वळून पाहिलं.

"भिंगरी," म्हणाले.

शेवट वर चढवत. हळू. जिना चढावा तसं.

"ओ," मी म्हटलं.

मावशी